मॉन्टेसरी बालवर्गातील शिकण्याचे दैनंदिन क्षण : शहापूर व मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बालशिक्षणाविषयीची चर्चा बहुधा इमारत, साहित्य, अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण यांभोवती फिरत राहते. तीन ते सहा वर्षे वयाचे मूल प्रत्यक्षात शिकते केव्हा, हा मूळ प्रश्न मात्र मागे पडतो. पाणी ओतताना, दाणे निवडताना, ताटे मांडताना मूल शिकत असते, असे मॉन्टेसरी पद्धती मानते. प्रस्तुत लेखात अशा क्षणांचे शैक्षणिक स्वरूप स्पष्ट करून ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात त्यांचे महत्त्व विशद केले आहे.

पार्श्वभूमी

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथील मुले कष्टकऱ्यांची होती. म्हणजेच आज शहरांत महागडी ठरलेली ही पद्धती मुळात गरिबांच्या मुलांमध्ये आकाराला आली, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात या विचाराला ग्रामीण रूप देण्याचे श्रेय ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्याकडे जाते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू झाले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही दोन्ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. विकत घ्याव्या लागणाऱ्या साहित्याच्या जागी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले आले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द पुढे घरोघरी पोहोचला.

दैनंदिन क्षणांचे शैक्षणिक स्वरूप

१) पाणी ओतणे : लहान तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतताना मनगटावर ताबा येतो व डोळा आणि हात यांचा मेळ बसतो. पाणी सांडले तर चूक मुलाला स्वतःलाच दिसते. ती कोणी सांगावी लागत नाही. फडके घेऊन जमीन पुसणे हा शिक्षेचा नव्हे, तर त्याच कामाचा शेवटचा भाग असतो. चूक दाखविण्याची सोय साहित्यातच असणे हे या पद्धतीचे मर्म होय.

२) लांबी व क्रम : मॉन्टेसरी साहित्यात दहा लाल दांड्या असतात, सर्वांत लहान १० सेंटिमीटरची व सर्वांत मोठी १ मीटरची. शहापूर-मुरबाड भागात हेच साहित्य बांबूपासून करता येईल. मात्र सर्व तुकड्यांची जाडी व रंग समान ठेवून केवळ लांबी बदलावी लागेल. एका वेळी एकच गुणधर्म बदलला तरच मुलाचे लक्ष त्यावर स्थिरावते. साहित्य स्थानिक असणे पुरेसे नाही. त्यामागील तत्त्व टिकले पाहिजे.

३) ताटे मांडणे : अंगणवाडीतील आहाराच्या वेळी प्रत्येक मुलापुढे एक ताट ठेवणे म्हणजे एकास-एक संगती. एक ताट उरले, म्हणजे आज एक मूल आलेले नाही. वजाबाकीचे चिन्ह शिकण्यापूर्वीच वजाबाकीचा अर्थ अशा रीतीने हाती येतो.

४) शब्द देणे : नवा शब्द तीन पायऱ्यांनी दिला जातो. 'हे जाड, हे बारीक' असे प्रथम सांगावयाचे. नंतर 'जाड कोणते ते दाखव' असे विचारावयाचे. शेवटी वस्तू दाखवून 'हे कसे आहे?' असा प्रश्न करावयाचा. ठाकूर वा कातकरी समाजातील मूल तिसऱ्या पायरीवर घरच्या बोलीतील शब्द उच्चारण्याची शक्यता असते. तो शब्द चुकीचा ठरविला गेला, तर ज्याची जाण अचूक होती असे मूल स्वतःला चुकलेले समजते व हळूहळू बोलणेच सोडते. घरचा शब्द स्वीकारून त्याच्या शेजारी प्रमाण मराठी शब्द ठेवणे, हाच येथे योग्य मार्ग आहे.

स्थानिक वास्तव

या परिसरातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात व पावसाळ्यापूर्वी परततात. सर्वांनी एकाच दिवशी एकच धडा शिकावा, अशी रचना असलेल्या वर्गात परतलेले मूल 'मागे पडलेले' ठरते. मॉन्टेसरी वर्गात काम व्यक्तिगत असते. मूल जेथे थांबले होते तेथून पुन्हा सुरुवात करू शकते. तसेच तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसणे ही अंगणवाडीची उणीव मानली जाते. मॉन्टेसरी पद्धतीत मात्र मिश्र वयोगट मुद्दाम योजलेला असतो. लहान मूल मोठ्याकडे पाहून शिकते आणि मोठे मूल शिकविताना स्वतः पक्के होते.

याचा अर्थ सर्व काही सुकर आहे असा नाही. पोषण, नोंदी व आरोग्यविषयक कामे सांभाळणाऱ्या सेविकेला प्रत्येक मुलाचे निरीक्षण करण्यास पुरेसा वेळ मिळणे कठीण असते. पालकांनाही 'मूल लिहू लागले का?' याची घाई असते. ती अवास्तव म्हणता येणार नाही. कारण शिक्षण हाच त्यांच्यापुढील आशेचा मार्ग असतो. त्यामुळे दाणे निवडणारी तीन बोटेच उद्या पेन्सिल धरणार आहेत, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवून द्यावे लागते.

अमेरिकेतील मिलवॉकी येथे सोडतीने प्रवेश मिळालेल्या मुलांचा अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मॉन्टेसरी वर्गातील पाच वर्षांची मुले वाचनपूर्व व गणिती कौशल्यांत सरस आढळली. हा निष्कर्ष ग्रामीण ठाण्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि हाताने केलेल्या कामामुळे अक्षर-अंकांचे नुकसान होते, या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आहे. त्यामुळे बालवर्ग हा महाविद्यालयीन अध्यापकांच्याही आस्थेचा विषय ठरतो. शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान, मानसशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीत केवळ प्रश्नावली भरावयास न लावता एकाच मुलाचे अर्धा तास, मध्ये न बोलता, निरीक्षण करून ते लिहून काढण्यास सांगता येईल. ज्या हाताला घरी पाणी भरता येते, धाकट्या भावंडाला सांभाळता येते, त्या हाताला शाळेने 'काही येत नाही' असे म्हणू नये, एवढे जरी त्यातून साधले तरी त्या मुलाचे शाळेशी असलेले नाते तुटण्यापासून वाचेल.