बत्तीस पुरणपोळ्यांशिवाय किलो नाही!

होळीला कटाची आमटी, पुरणपोळी, वर तुपाची धार. आणि धुळवडीच्या सकाळी काट्यावर दोन किलो जास्त! महिनाभर कॅलरी मोजून खाणाऱ्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. सगळं पाण्यात गेलं म्हणून कित्येक जण त्याच सकाळी डाएटचा नाद सोडतात. सोडायचाच असेल तर सोडा, पण आधी माझ्याबरोबर एक भागाकार करा.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. काट्यावरचे ते दोन किलो खरोखर चरबीचे असतील, तर १५,४०० कॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात. शिवाय शरीराचा त्या दिवसाचा खर्च आधी भागला पाहिजे; तो धरू २,०००. झाले १७,४००. तुपासकट एक पुरणपोळी धरू ३०० कॅलरींची. आता भागा. अठ्ठावन्न! एका दिवसात, एका माणसाने, अठ्ठावन्न पुरणपोळ्या! एकाच किलोवर समाधान मानायचं ठरवलं तरी बत्तीस. आणि तुम्ही खाल्ल्या होत्या फार तर पाच.

मग हे दोन किलो आले कुठून? बहुतेक पाणीच. गूळ, मैदा, भात यांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरलं की त्याचं पाणी ९०० ग्रॅम. दोन्ही मिळून सव्वा किलोच्या जवळ पोहोचलो, चरबीचा अजून पत्ता नाही! त्यात मीठ. दवाखान्यात सलाईनची बाटली लावतात, तिच्यात एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच. म्हणजे कटाची आमटी, पापड, कुरडया, लोणचं यांतून ९ ग्रॅम मीठ नेहमीपेक्षा जास्त गेलं, तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत लिटरभर पाणी अंगात मुक्काम करू शकतं. लिटरभर पाणी म्हणजे आणखी एक किलो. दोन किलोंचा हिशेब इथेच पुरा झाला, आणि आतड्यांतून पुढे सरकणारं अन्न आपण अजून मोजलेलंही नाही.

आता खरा तोटा काढू. तुमचा रोजचा खर्च २,०००, खाणं १,५००; रोज ५०० ची बचत. होळीला खाल्लं ३,५००. म्हणजे खर्चापेक्षा १,५०० जास्त. भागिले ७,७००. उत्तर १९५ ग्रॅम! काटा ओरडून दोन हजार ग्रॅम सांगतोय आणि चरबी पुरती दोनशेही नाही. पाव किलोच्या चक्क्याचं पाकीट याहून जड असतं.

पण हे १,५०० म्हणजे अगदीच किरकोळ, असंही समजू नका. एक कॅलरी, म्हणजे शास्त्राच्या भाषेत एक किलोकॅलरी, एक लिटर पाणी एका अंशाने तापवते. म्हणून १,५०० कॅलरींत वीस लिटरची बादली २५ अंशांपासून थेट उकळीला येते. अख्खी बादली! ही झाली १९५ ग्रॅमची कथा. आता पूर्ण किलो घ्या. आपल्या गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ जातीचं विजेचं इंजिन १२३ टनांचं असतं. एक किलो चरबीतली सगळी ऊर्जा ते उचलायला लावता आली, तर इंजिन २६ मीटरांहून थोडं जास्तच वर जाईल. २६ मीटर म्हणजे गेटवे ऑफ इंडियाची उंची! सत्तर किलोच्या माणसाने तोच किलो चालून जाळायचा ठरवला, तर किलोमीटरला पन्नासेक कॅलरी धरून १५४ किलोमीटर होतात; रस्त्याने मुंबई ते पुणे, पायी, घाटासकट. त्याच माणसाच्या अंगात १४ किलो चरबी असेल, तर त्याच्याजवळ १,०७,८०० कॅलरींचा साठा आहे. पाच मीटर व्यासाची आणि पाच मीटर पाणी असलेली विहीर, जवळजवळ लाखभर लिटर, तेवढ्यात एका अंशाहून जास्त तापेल. वजन हळू का उतरतं, हे विचारूच नये. विहीर आहे ती! आणि जी चमच्या-चमच्याने रिकामी होते, ती एका दुपारी भरेल कशी?

रुपयांत बघा, म्हणजे स्वच्छ दिसेल. रोज पाचशे रुपये बाजूला टाकणाऱ्याने एक दिवस टाकले नाहीत, वर साठ्यातून दीड हजार काढले. फरक दोन हजारांचा. पाचशेने भागले की चार. चार दिवस! एका होळीने तुम्ही चार दिवस मागे पडता. हा उशीर दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करून भरून काढू म्हणणाऱ्यांसाठी हिशेब आणखी मजेदार आहे. दिवसभर अन्नाचा कण नाही घेतला तर तूट पडते २,००० ची, पण त्यातले ५०० तर तुम्ही नेहमी वाचवताच. म्हणजे जास्तीचे मिळाले १,५००. एवढे हाल करून एक दिवस मागेच! त्यापेक्षा नेहमीचं जेवण जेवावं.

चार दिवस वर्षाच्या मापाने पाहू. ५०० गुणिले ३६५, म्हणजे १,८२,५०० कॅलरींची तूट. (अंग हलकं होत जातं तसा त्याचा खर्चही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात तूट याहून कमी पडते, हिशेबापुरतं हे धरू.) ही तूट म्हणजे सीएसएमटी ते पुणे हा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग माना. होळीचा दिवस त्यातला किती? दोन किलोमीटर! १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन हे अंतर तीन तासांहून थोड्या जास्त वेळात कापते. त्यात तुमचा खोळंबा सुमारे दोन मिनिटांचा. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून कर्जतला गाडी सोडून घरी परतणारा प्रवासी मला तरी माहीत नाही.

होळीसारखा दिवस दर रविवारी आला तर? आठवड्याची बचत ३,५०० वरून १,५०० वर. वर्षअखेर गाडी ८२ किलोमीटरवर उभी, म्हणजे नेरळच्याही अलीकडे. घाट चढायला सुरुवातसुद्धा नाही. आणि शनिवारही तसाच गेला तर? पाच दिवसांची बचत २,५००, दोन दिवसांची उधळण ३,०००. गाडी उलटी धावू लागली! वर्षाला २६,००० कॅलरी जास्त, म्हणजे ३.४ किलो चरबी. आठवड्यातले पाच दिवस इमानेइतबारे मोजून खाल्ल्यावर!

आता सगळ्या महाराष्ट्रालाच पंगतीला बसवू. २०११ च्या जनगणनेत आपण ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ होतो. तान्ही बाळंही यात आली, असू द्यात. प्रत्येकाने एका होळीला १,५०० कॅलरी जास्त खाल्ल्या असं धरा. १६,८५६ कोटी कॅलरी! चरबीत मोजल्या तर २१,९०० टन. मघाची इंजिनं एकशे अठ्ठ्याहत्तर. विजेत मोजल्या तर १९ कोटी ६० लाख युनिट. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. तिथली सगळी जनित्रं पूर्ण ताकदीने, एक क्षणही न थांबता चालवली, तर एवढ्या युनिटांना शंभर तास लागतील. शंभर तास! एका दिवसाच्या पुरणपोळीसाठी कोयना चार दिवस आणि वर चार तास धडधडत राहणार!

आणि एवढ्या प्रचंड आकड्यातला तुमचा वाटा? १९५ ग्रॅम. चार दिवस. तेव्हा धुळवडीच्या सकाळी काट्यावर चढू नका. आठ दिवसांनी चढा, आणि मधल्या सात दिवसांत जेवण ठरल्याप्रमाणेच ठेवा.