शीतक नळ्यांचे निर्वातीकरण

शीतक नळ्यांचे निर्वातीकरण ही वातानुकूलन यंत्र बसवताना, नळ्यांची जोडणी झाल्यावर आणि त्यांत शीतक सोडण्यापूर्वी करावयाची प्रक्रिया आहे. तीत निर्वात पंपाच्या साहाय्याने नळ्यांतील हवा व ओलावा काढून टाकला जातो. घरगुती स्प्लिट यंत्रात शीतक कारखान्यातच भरलेले असून ते बाहेरील संचात बंद झडपांमागे असते. म्हणून जोडनळ्या व आतील संच एवढ्यांचेच निर्वातीकरण करावे लागते.

आवश्यकता

यंत्राच्या नेहमीच्या तापमानाला व दाबाला हवा द्रवरूप होत नाही. ती कंडेन्सरमध्ये साचून दाब वाढवते व विजेचा वापर वाढतो. ओलावा केशनलिकेत किंवा प्रसरण झडपेत गोठून शीतकाचा मार्ग अडवू शकतो. आर-३२ व आर-४१०ए या शीतकांसोबत सामान्यतः वापरले जाणारे पॉलिओलएस्टर तेल बाष्प सहज शोषून घेते. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसरच्या मोटरीतील वेटोळ्यांचे विद्युतरोधी आवरण खराब होते. निर्वातीकरण टाळलेले यंत्रही पहिल्या दिवशी गार हवा देते. बिघाड बऱ्याच काळाने होत असल्याने त्याचे मूळ कारण अनेकदा लक्षात येत नाही.

तत्त्व

समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो व पाणी १०० °से. तापमानाला उकळते. दाब सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत उतरवल्यास ते २५ °से. तापमानालाच उकळते. नळीतील पाण्याची अशी वाफ करून पंप ती बाहेर ओढतो. या कामात दाब मायक्रॉनमध्ये मोजतात. १ मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाच्या १ मिलिमीटरचा हजारावा भाग होय. सामान्यतः ५०० मायक्रॉन किंवा त्याहून कमी दाब गाठणे अपेक्षित असते. नेहमीच्या मॅनिफोल्ड दाबमापकावर इतका सूक्ष्म फरक वाचता येत नाही. त्यासाठी मायक्रॉनमापक लागतो.

पद्धत

प्रथम कोरडा नायट्रोजन दाबाने भरून, सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती तपासतात. नायट्रोजन सोडून दिल्यावर पंप जोडला जातो. आखूड व रुंद होजमुळे काम लवकर होते. पंपाचे तेल ओलावा शोषत असल्याने ते वेळोवेळी बदलावे लागते.

अपेक्षित दाब आल्यावर झडप मिटून पंप वेगळा करतात व मापकाचे निरीक्षण करतात. दाब जवळजवळ स्थिर राहिल्यास नळ्या कोरड्या व गळतीरहित असतात. दाब थोडा वाढून थांबल्यास ओलावा शिल्लक असतो. तो सतत वाढत राहिल्यास गळती असते. पंप किती मिनिटे चालला यापेक्षा ही चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. त्यानंतरच बाहेरील संचाच्या झडपा उघडतात.

शीतक सोडून हवा काढणे

पंप न वापरता थोडे शीतक सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलण्याची पद्धतही प्रचलित आहे. तीत नळ्यांच्या भिंतींवरील ओलावा पूर्णपणे निघत नाही व यंत्रातील शीतक कमी होते. आर-३२ ज्वलनशील असून, त्याची जागतिक तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट मानली जाते. त्यामुळे ही पद्धत सुरक्षितता व पर्यावरण या दोन्ही दृष्टींनी अयोग्य ठरते.