तारांकित प्रश्न, मुक्काम कळमनुरी

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत हिंगोली मतदारसंघात काँग्रेसचे राजीव सातव यांना ४,६७,३९७ मते पडली आणि शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांना ४,६५,७६५. फरक १,६३२ मतांचा. त्या वर्षीच्या मोदी लाटेत काँग्रेस देशभरात ४४ जागांवर आली. महाराष्ट्रात तिचे दोनच खासदार निवडून आले, नांदेडचे अशोक चव्हाण आणि शेजारच्या हिंगोलीतून सातव.

हिंगोली मतदारसंघ जिल्ह्याहून जुना आहे. मतदारसंघ १९७७ पासूनचा, तर जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ, नांदेडचे किनवट आणि हदगाव, शिवाय पैनगंगेपलीकडचे यवतमाळातले उमरखेड. निजामी मराठवाडा आणि वऱ्हाड, दोन्ही मुलखांचे मतदार एकाच यादीत. इथल्या प्रचाराला सभांपेक्षा प्रवासच जास्त लागतो. वकिलांना दिल्लीला धाडण्याची सवयही या मतदारांना आहे. १९९६ आणि १९९९ मध्ये ॲड. शिवाजी माने इथूनच लोकसभेत गेले.

सातव यांनीही कायद्याचे शिक्षण घेतले. जन्म २१ सप्टेंबर १९७४ चा. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. पण पुढे नाव झाले ते कोर्टात नव्हे, सभागृहात. आई रजनीताई सातव कळमनुरीच्या आमदार आणि राज्यात मंत्री होत्या. घराण्याच्या नावाने दार उघडले गेले, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. मात्र दार उघडल्यावर ते थेट माडीवर गेले नाहीत. आधी पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, २००९ मध्ये कळमनुरीची आमदारकी, त्यानंतर लोकसभा आणि शेवटी राज्यसभा. तालुकापातळीपासून संसदेच्या दोन्ही सभागृहांपर्यंतची प्रत्येक पायरी चढलेले लोकप्रतिनिधी महाराष्ट्रात थोडे आहेत. आमदार असतानाच, २०१० मध्ये, भारतीय युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि २०१४ पर्यंत राहिले.

मला मात्र त्यांच्या पदांपेक्षा त्यांचे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. सोळाव्या लोकसभेच्या पाच वर्षांत त्यांच्या नावावर हजारावर प्रश्न नोंदले गेले. संसदीय कामासाठी दिला जाणारा संसदरत्न पुरस्कार त्यांना एकाहून अधिक वेळा मिळाला. विरोधी बाकावरच्या, त्यातही चव्वेचाळीसांच्या गटातल्या खासदाराच्या हातात कोणते हत्यार असते? मंत्रालय त्याचे नाही, बहुमत नाही, विधेयक अडवण्याची ताकद नाही. प्रश्न मात्र त्याचा हक्काचा. किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, मग सोडतीत नंबर लागायचा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि पुरवणी प्रश्नही विचारता येतो. अतारांकित २३० असतात, त्यांना लेखी उत्तर मिळते. प्रश्नोत्तराच्या तासात वीसपैकी मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात. बहुतेक खासदारांच्या वाट्याला लेखी उत्तरच येते, आणि त्याची बातमी क्वचितच होते.

तरीही ते लेखी उत्तर मोलाचे असते. सरकारने सभागृहाच्या पटलावर जे सांगितले ते नंतर नाकारता येत नाही, चुकीचे निघाले तर दुरुस्तीही सभागृहातच करावी लागते. साक्षीदाराचा जबाब एकदा नोंदला गेला की तो पुढे कामी येतो, हे तालुका कोर्टात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. हळद आणि सोयाबीन पिकवणाऱ्या, मोठी शहरे नसलेल्या जिल्ह्याला केंद्राच्या दप्तरात शिरायची ही एक खात्रीची वाट आहे.

२०१८ मध्ये सातव यांच्याकडे गुजरात काँग्रेसचे प्रभारीपद आले. २०१९ ला त्यांनी लोकसभा लढवली नाही. मतदारसंघाच्या दृष्टीने हा तोटाच झाला, असे माझे मत आहे. पक्षसंघटनेला माणूस मिळाला, पण हिंगोलीच्या बाकावरून प्रश्न विचारणारा तो माणूस उठला.

मार्च २०२० मध्ये ते राज्यसभेवर बिनविरोध निवडून गेले. पुढचे अधिवेशन भरले ते थेट सप्टेंबरमध्ये, आणि कोरोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. ज्याची ओळख प्रश्नांनी झाली, त्याला नव्या सभागृहाच्या पहिल्याच अधिवेशनात तोंडी प्रश्नाची सोय नव्हती. २० सप्टेंबरला कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांची मागणी मतविभागणीची होती. सभागृहात मोठा गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित झाले. त्यांत सातव होते. तो दिवस २१ सप्टेंबर, त्यांचा वाढदिवस. ती रात्र या आठ जणांनी संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याजवळ धरणे धरून काढली. सभागृहातल्या गोंधळाचे मी समर्थन करणार नाही. पण मते मोजा, ही मागणी संसदीय रीतीतलीच होती. कोट्यवधी शेतकऱ्यांशी संबंधित कायद्यावर ती मान्य व्हायला हवी होती. ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मागे घेतले. तोवर सातव हयात नव्हते.

त्यांच्या वाट्याला राज्यसभेचे आणखी एकच अधिवेशन आले, २०२१ चे अर्थसंकल्पी. एप्रिलमध्ये त्यांना कोरोना झाला. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात त्यांनी त्यावर मातही केली, पण नंतर सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झाला. १६ मे २०२१ रोजी ते गेले. वय होते ४६. अंत्यसंस्कार कळमनुरीत झाले.

त्यांच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यावीत. कोणत्या आश्वासनाचे पुढे काय झाले ते गावोगाव जाऊन तपासावे आणि जे राहून गेले त्याची यादी आजच्या खासदारांकडे द्यावी. एका चांगल्या प्रबंधाचे हे साहित्य आहे, आणि ते अजून ताजे आहे.