पंगत, वाढपी आणि ॲप्लिकेशन सर्व्हर

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, चक्र नुसते फिरत राहते आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, 'सर्व्हर डाऊन आहे!' हा सर्व्हर नेमके करतो काय, असे मुले आम्हाला विचारतात.

निकाल, फी, तिकिटे यांचे पुष्कळसे प्रोग्रॅम जावा भाषेत लिहिलेले असतात. सन मायक्रोसिस्टिम्सने ही भाषा १९९५ साली जाहीर केली. असे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर. वेबलॉजिक, वेबस्फिअर हे विकतचे, तर वाइल्डफ्लाय, टॉमकॅट हे फुकट मिळणारे. (टॉमकॅटमध्ये सोयी कमी, म्हणून जाणकार त्याला पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणत नाहीत. साध्या कामाला मात्र तो पुरतो.)

लग्नातली पंगत आठवा. येणाऱ्या प्रत्येक मागणीला सर्व्हर एक वाढपी देतो, त्याला म्हणतात थ्रेड. टॉमकॅटमध्ये मुळात जास्तीत जास्त २०० थ्रेड ठरवलेले असतात. त्यापुढच्यांनी थांबायचे. मग वाढपी वाढवावेत की! पण खरी अडचण बहुधा स्वयंपाकघराच्या दाराशी असते. स्वयंपाकघर म्हणजे डेटाबेस. त्याच्याशी दर वेळी नवे कनेक्शन जोडण्यात वेळ जातो, म्हणून मोजकी कनेक्शने उघडून ठेवतात आणि तीच आळीपाळीने वापरतात. समजा दारे २० आणि वाढपी २००, तर १८० जण रिकामी पातेली घेऊन उभेच! त्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काम झाल्यावर कनेक्शन परत करायचे राहून गेले, तर एकेक दार कायमचे अडते. मशीन निवांत असते आणि संकेतस्थळ मात्र ठप्प. अशा वेळी मोठे मशीन विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

पालकांना भेडसावणारी गोष्ट निराळी. पैसे कापले गेले, पावती नाही! एकाच व्यवहारातल्या दोन नोंदी एक तर दोन्ही होतील नाहीतर एकही नाही, ही हमी सर्व्हर देऊ शकतो. पण आपल्या ताब्यातल्या डेटाबेसपुरतीच. बँकेचे खाते आणि शाळेची वही वेगवेगळ्या ठिकाणी असतात. मधला निरोप हरवला, तर दोन्हींचा मेळ नंतर घालावा लागतो. म्हणून पालकहो, लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा व कार्यालयात दाखवा.

विश्वस्तांनी कंत्राटदाराला एक प्रश्न जरूर विचारावा, सर्व्हरची आवृत्ती कोणती? टॉमकॅट ८.५ ची देखभाल ३१ मार्च २०२४ रोजी थांबली. त्यात यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी टॉमकॅटचे कर्ते दुरुस्त करत नाहीत. टॉमकॅट ९ वर जुना प्रोग्रॅम सहसा फारशी खळखळ न करता चालतो. १० वर मात्र तो तसाच चालत नाही, कारण तिथे 'जावाएक्स'ने सुरू होणारी अनेक नावे बदलून 'जकार्ता' झाली आहेत. त्या कामाचे पैसे कंत्राटात धरलेत की नाहीत, तेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.