घरातल्या तारा (७) : फोनला वीज कोण पुरवतं?

मागच्या मंगळवारी भर दुपारी लाइट गेली. धरणगावात मे महिन्यात ही काही बातमी नव्हे. पंखा थांबला, राउटरवरचे हिरवे दिवे विझले आणि त्याला जोडलेला नवा फोन मुका झाला. पाच मिनिटांनी कोपऱ्यातला जुना करडा फोन खणखणला. सुरतेहून मावशी. "नवा फोन लागस नही, काय व्हयनं व?"

घरात दोन फोन कशाला, असं चिरंजीव दर बिलाला विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही.

जुन्या फोनचं गुपित भिंतीवरच्या रोझेटमध्ये आहे. त्याच्या आत तांब्याच्या दोन बारीक तारा येतात. त्या डीपी, पिलर अशा टेलिफोनच्या जोडपेट्यांतून थेट एक्स्चेंजपर्यंत जातात. तिथे मोठमोठ्या बॅटऱ्या असतात आणि त्या या तारांवर सुमारे ४८ व्होल्ट सोडतात. म्हणजे फोन चालतो तो एक्स्चेंजच्या विजेवर. आपल्या मीटरशी त्याचा संबंध नाही. मी एकदा मल्टिमीटर लावून पाहिला. रिसीव्हर ठेवलेला असताना काटा पन्नाशीला टेकत होता, उचलल्याबरोबर दहाच्या आसपास घसरला. या घसरणीवरूनच 'फोन उचलला' हे एक्स्चेंजला कळतं. रिंग वाजवायला मात्र ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. तारा सोलत असताना कुणाचा फोन आला, तर लाइनमनचा हात झटकन मागे का येतो, ते यावरून समजावं. आणखी एक गंमत म्हणजे या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. ओल्या मातीत तांबं खाल्लं जाऊ नये म्हणून टेलिग्राफच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती.

नवा फोन फायबरवरचा, आणि फायबरमधून येतो तो फक्त प्रकाश. काच वीज वाहत नाही. त्या प्रकाशाचा आवाज करायचं काम आपल्या घरातला राउटरचा डबा करतो आणि त्याला आपलीच वीज लागते. बोलण्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यांची पाकिटं करून बहुधा सेकंदाला ५० पाठवली जातात. एका कॉलला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाही. तेव्हा 'स्पीड कमी म्हणून फोन लागत नाही' ही सबब सहसा खरी नसते. पाकिटं उशिरा पोचली, वाटेत गळली, की आवाज तुटतो.

म्हणून तांबंच चांगलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर सुरू होते. मागे गल्लीत जेसीबीने चर खणला, केबल तुटली आणि जुना फोन एकोणीस दिवस डेड होता. तेव्हा घर फायबरवरच चाललं. एक्स्चेंजच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या असतील तर तेही लाइटीबरोबरच झोपतं. आणि तांब्याच्या लाइनवर कॉर्डलेस लावला असेल तर सगळंच मुसळ केरात, कारण त्याच्या स्टँडला घरचीच वीज लागते. साधा वायरचा फोन हवा.

नव्या फोनलाही जागं ठेवता येतं. डबा साधारण १२ वॉट खातो. १२ व्होल्ट, ७ एएचची छोटी बॅटरी कागदावर ८४ वॉट-तासांची; प्रत्यक्षात चार-पाच तास धरा. घरी इन्व्हर्टर असेल तर डब्याचा पिन त्याच्या पॉइंटवर आहे ना, एवढंच बघा. आमच्याकडे दोन वर्षं टीव्ही त्या पॉइंटवर होता आणि राउटर नव्हता.

जुनी लाइन सरेंडर करण्याआधी नंबराचा विचार करा. आपला ०२५८८ आणि पुढचे सहा आकडे दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकांवर, बँकेच्या कागदांवर गेलेले असतात. मोबाईलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही टिकतो. लँडलाइनला ती सोय नाही. बीएसएनएलमध्ये तांब्यावरचा नंबर फायबरवर तोच ठेवता येतो, पण अर्ज भरतानाच तसं सांगावं लागतं. नव्या नंबराची नोंद झाल्यावर जुना मागत फिरण्यात अर्थ नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर आणखी एक सांगून ठेवा : १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य दाबावं लागतं. आई अजून विसरते.

ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं २०२५ अखेर बंद व्हायचं होतं. ती मुदत जानेवारी २०२७ वर गेली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातली मदतीची बटणं जुन्या लाइनीवर चालतात, त्यांचं काय, हे त्यामागचं एक मोठं कारण.

आज संध्याकाळी घरचा मेन स्विच पाडा आणि शेजाऱ्याच्या मोबाईलवरून आपले दोन्ही नंबर लावून बघा. जो वाजेल त्याच्याजवळ टॉर्च आणि डॉक्टरांचा नंबर ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : घराचं अर्थिंग)