तैलपर्ण (नीलगिरी): वृक्षाची ओळख व संदिग्धता

प्रतिश्यायाचा रुग्ण बाष्पस्वेदासाठी 'नीलगिरीची पाने' घेऊन येतो. पाने चुरगळून पाहावी तो लिंबासारखा वास येतो. अशा वेळी रुग्णास काय सांगावे, हा प्रश्न आमच्याप्रमाणे अनेक वैद्यबंधूंना पडला असेल. त्याचे उत्तर वनस्पतीच्या अचूक ओळखीत आहे.

हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातील. त्यामुळे बृहत्त्रयीत त्याचा उल्लेख असणे शक्य नाही. अमरकोशातील 'तैलपर्णिक' हा शब्द चंदनप्रकाराचा वाचक आहे, त्याचा या वृक्षाशी संबंध जोडू नये. आधुनिक द्रव्यगुणग्रंथांनी यास 'तैलपर्ण' नाव देऊन कटु-तिक्त रस, कटु विपाक, उष्ण वीर्य व कफवातशामक कर्म सांगितले आहे. प्राचीन पर्यायनामांचा आधार नसल्याने येथे स्वरूपज्ञानावरच विसंबावे लागते.

कुल व नाम : औषधी तेलाचा प्रमुख वृक्ष म्हणजे यूकॅलिप्टस ग्लोब्यूलस. कुल मिर्टेसी, म्हणजे आपल्या जांभूळ, लवंग व पेरूचे कुल. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लाबियार्दिएर यांनी टास्मानियात याचे नमुने गोळा केले व १८०० साली वर्णन प्रसिद्ध केले. 'यूकॅलिप्टस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'चांगले झाकलेले'. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावर १८४३ च्या सुमारास याची लागवड सुरू झाली आणि पर्वताचेच नाव वृक्षास पडले.

स्वरूप : वृक्ष सदाहरित, सामान्यतः ३० ते ५५ मीटर उंच. साल लांब पट्ट्यांनी सुटून गळते व आतील गुळगुळीत करडा-पांढरट भाग उघडा पडतो. बुंध्याशी मात्र खरबरीत साल टिकून राहते.

पाने दोन प्रकारची असतात, हे विशेष ध्यानात ठेवावे. कोवळ्या रोपाची पाने समोरासमोर, बिनदेठाची, रुंद, तळाशी हृदयाकृती व निळसर-पांढऱ्या मेणचट थराने झाकलेली; त्यांची खोडे चौकोनी. जून फांद्यांवरील पाने एकाआड एक, देठयुक्त, कोयत्यासारखी वाकलेली, १० ते ३० सें.मी. लांब, दोन्ही बाजूंनी सारखीच हिरवी व खाली लोंबणारी. पान उजेडाकडे धरल्यास तैलग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतात. औषधासाठी ही जून फांद्यांची पानेच ग्राह्य होत.

कळी बहुधा एकेकटी, बिनदेठाची, निळसर, चार कंगोऱ्यांची व चामखिळीसारख्या उंचवट्यांची. निदले व पाकळ्या जुळून तिचे टोपण बनते. ते गळून पडताच असंख्य पांढरट पुंकेसर बाहेर येतात. 'चांगले झाकलेले' हे नाव या टोपणामुळेच. फळ काष्ठमय, १.५ ते ३ सें.मी. रुंद बोंड.

संदिग्ध वृक्ष : हा वृक्ष थंड, उंच डोंगराळ प्रदेशात रमतो. महाराष्ट्रात रस्त्याकडेला व शेतबांधावर दिसणारी 'नीलगिरी' बहुतांशी यूकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस व तिचे संकर होत. तिच्या कळ्या झुपक्याने येतात, टोपण शिंगासारखे निमुळते असते व फळ अगदी लहान असते. तेलाचे प्रमाण व घटकही बदलते असतात. लिंबाच्या वासाची ती सिट्रिओडोरा. १९९५ पासून तिचा समावेश कोरिंबिया या प्रजातीत होतो. तिच्या तेलात सिट्रोनेलाल प्रमुख असते, सिनिओल नव्हे. युरोपीय औषधकोशानुसार औषधी तेलात सिनिओल किमान ७० टक्के असावे लागते. म्हणजे लिंबवासाची पाने सुगंधी असली तरी तैलपर्णाचे प्रतिनिधी द्रव्य ठरत नाहीत. आरंभीच्या रुग्णास आम्ही हेच सांगतो.

सावधानता : शुद्ध तेलही निरुपद्रवी नाही. लहान मुलांच्या पोटात ते काही मि.लि. गेले तरी ग्लानी, आक्षेपक व श्वासावरोध होऊ शकतो. अर्भकांच्या नाकाशी वा चेहऱ्यावर ते कदापि लावू नये, आणि घरी बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवण्यास पालकांना आवर्जून सांगावे.

सारांश, पानाचा आकार, वास, कळी व फळ या चार गोष्टी पाहिल्याविना 'नीलगिरी' म्हणून कोणतेही पान स्वीकारू नये. द्रव्याची ओळख चुकली तर योजना कितीही शास्त्रशुद्ध असली तरी अपेक्षित फळ मिळणार नाही.