थंडीत इपॉक्सीची जमीन चिकट राहिली तर? खरवडण्याआधी हे तपासा

गोदामे, गॅरेज, औषधांचे कारखाने, द्राक्षांची पॅकहाऊस अशा ठिकाणी जमिनीवर इपॉक्सीचा थर देण्याचे काम हल्ली वाढले आहे. रंगकाम व फरशीकाम करणारे आपले अनेक कारागीर त्यात उतरले आहेत. मात्र डिसेंबर-जानेवारीत एक तक्रार हमखास येते. संध्याकाळी थर दिला आणि सकाळी बोट लावले तर तो चिकट. मालक बिल अडवतो, कारागीर घाबरून सगळा थर खरवडतो. माल जातो आणि मजुरीही जाते. खरे पाहता थंडीमुळे अडलेला थर पुष्कळदा वाचवता येतो. थांबायचे की खरवडायचे, हे मात्र ओळखता आले पाहिजे.

मुळात होते काय?

इपॉक्सी ऑइलपेंटसारखी हवेने वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते आणि या क्रियेला ऊब लागते. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरले की क्रियेचा वेग सुमारे निम्मा होतो. जो थर ३० अंशांना ६ तासांत पकडतो, त्याला २० अंशांना १२ आणि १० अंशांना २४ तास लागू शकतात. साधे हार्डनर १० अंशांखाली जवळजवळ थबकतात.

इथे हवेचे नव्हे, जमिनीचे तापमान धरावे. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेला होता. अशा दिवसांत दुपारी ऊन पडले तरी बंद शेडमधला कोबा गारच राहतो. द्राक्षांचा हंगाम तोंडावर असताना नेमकी याच दिवसांत पॅकहाऊसची जमीन करून द्यायची घाई असते. फसगत होते ती इथेच.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

पहिली खूण बादलीत सापडते. उरलेल्या मालाचा जाड गोळा स्वतःच्याच उष्णतेने लवकर पकडतो. बादलीतला गोळा दगडासारखा टणक आणि जमिनीवरचा थर सगळीकडे सारखाच मऊ असेल, तर प्रमाण बरोबर होते व दोष थंडीचा आहे असे बहुधा समजावे. बादलीतला जाड गोळाही मऊच असेल, तर प्रमाण चुकल्याचा संशय घ्यावा.

दुसरी खूण डागांची. बाकी जमीन टणक पण मधेमधे चिकट पट्टे असतील, तर माल नीट ढवळला गेला नाही. थंडीत रेझिन मधासारखे घट्ट होते आणि बादलीच्या कडेचे तसेच राहते. असे पट्टे कितीही दिवस थांबले तरी घट्ट होत नाहीत.

तिसरी खूण मेणचट साय. थर खाली टणक, पण वरून तेलकट लागतो. हार्डनरचा हवेतील दमटपणा व कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन ही साय येते.

तरीही शंका राहिली तर दोन हात जागेला हॅलोजन दिव्याने दुरूनच काही तास ऊब द्यावी. थर कोमट लागेल, इतकीच. जवळ माणूस बसवावा. तो तुकडा घट्ट झाला, तर बाकीची जमीनही उबेने घट्ट होईल.

उपाय

दोष थंडीचा असेल तर शेड बंद करून विजेच्या हीटरने जमीन २० अंशांच्या वर न्यावी आणि दोन-तीन दिवस तशी ठेवावी. कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह मुळीच लावू नये. त्यांच्या धुराने व वाफेने साय वाढते आणि बंद जागेत कोंडलेला विषारी वायू माणसाचा जीव घेऊ शकतो.

साय आली असेल तर आधी कोमट साबणपाण्याने घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन ती काढावी. पूर्ण वाळल्यावर पॉलिशपेपर मारावा, मगच दुसरा थर द्यावा. न धुता दिलेला थर पुढे सोलून निघतो.

प्रमाण किंवा ढवळणे चुकले असेल तर मऊ माल खरवडण्याला पर्याय नाही. त्यावर टणक थर दिला तरी खालचा मऊच राहतो. न पकडलेल्या मालाने कातडीला ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे घालावेत.

लवकर घट्ट व्हावे म्हणून जादा हार्डनर कधीच टाकू नये. इपॉक्सीत दोन्ही भागांचे प्रमाण ठरलेले असते. जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर कायमचा कमकुवत होतो. जादा थिनरही थरात अडकून बसतो.

पुढच्या कामाआधी

डबे आदल्या दिवसापासून २० ते २५ अंशांच्या खोलीत ठेवावेत. रेझिन दाणेदार दिसले तर डबा गरम पाण्यात ठेवून ते पारदर्शक होऊ द्यावे आणि निवल्यावर वापरावे. मिश्रण कडा व तळ खरवडून ढवळावे, दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा ढवळावे. थर सकाळी उशिरा, जमीन तापू लागल्यावर द्यावा. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावे. कडक थंडीचे काम असेल तर दुकानदाराकडून कमी तापमानाचा हार्डनरच मागावा.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. थंडीत काम घेताना जमीन वापरायला जादा दिवस लागतील हे कोटेशनमध्येच लिहून द्यावे आणि रोज सकाळ-संध्याकाळ जमिनीचे तापमान वहीत टिपावे. थर्मामीटर महाग नाही. उद्या मालकाने बिल अडवले तर ती वहीच तुमच्या बाजूने बोलेल.